लुपेचं न जुळलेलं हाड

फालेलोआ, फोआ बेट, हापाई
१२ फेब्रुवारी १९९६

प्रिय वन्सं,

तुम्ही नाताळला पाठवलेलं पार्सल काल हाती आलं. जहाज दोन आठवडे नुकुआलोफालाच अडकून पडलं होतं, त्यामुळे साबणाचा वास दुधाच्या पावडरीला लागलाय. आम्ही तसंच पितोय. केलेपीला शर्ट पोटावर होत नाही. पण बहिणीने पाठवलाय म्हटल्यावर पठ्ठ्या श्वास कोंडून रविवारी तोच घालून गेला. दुसऱ्या भजनाला बटण उडालं. पाद्रीबुवांनाही हसू आवरलं नाही.

लुपेचा फोटो मी शाळेत नेला. माझ्या वर्गातली पोरं विचारत होती, बाई, ही तुमचीच का, मग तुमच्याकडे का नाही? मी म्हटलं, तिच्या आत्याकडे ऑकलंडला आहे. एवढ्यावर त्यांचं समाधान झालं. आपल्याकडच्या पोरांना आत्या म्हणजे काय ते सांगावं लागत नाही.

सासूबाई गेल्या तेव्हा तुम्ही त्यांच्या उशाशी बसला होतात, आणि तिथूनच म्हणालात, ‘केलेपी, ही पोर मला दे.’ तो हो म्हणाला. मी मागे चुलीपाशी होते. मला कळलं तोवर सहा वर्षांच्या लुपेची पिशवीसुद्धा भरून झाली होती. मी तक्रार करत नाही. थोरल्या बहिणीने मागायचं आणि भावाने द्यायचं, हे ठाऊक असूनच मी या घरात आले. तुम्हाला मूलबाळ नाही, तुमचं घर तिने भरलं, याचा मला आनंदच आहे. रोज नाही, पण आहे.

एकच विचारायचं होतं. गेल्या तीनही फोटोंत तिची मान डावीकडे कललेली दिसते. नाचाच्या कपड्यांत ठीक आहे, पण शाळेच्या बाकावरही तशीच? काही दुखतंय का तिला?

तुमची,
लेसिएली

*

मांगेरे, ऑकलंड
१० मार्च १९९६

लेसिएली,

मास्तरीणबाई, तू आता फोटोही तपासायला लागलीस? लाल शाईने खुणा करून परत पाठव, म्हणजे मार्क किती पडले ते कळेल.

अगं, ती नाचणारी पोर आहे. हाताचं वळण संपलं की डोकं कसं हलकेच झुकतं, ते इथे जन्मलेल्या मुलींना दहा वर्षं शिकवून जमत नाही. लुपेला न शिकवता येतं. ऑगस्टमध्ये आमच्या नव्या चर्चचं उद्घाटन आहे. एकटीने नाचायचा मान तिला मिळालाय. सात जणींच्या आया माझ्याशी बोलेनाशा झाल्यात, आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटत नाही.

मान थोडी दुखते, हे खरं. नोव्हेंबरमध्ये शाळेतल्या झोक्याच्या दांडीवरून पडली. डॉक्टरला दाखवलं. लचक आहे म्हणाला.

पण मला डॉक्टरपेक्षा दुसरीच शंका येते. गेल्या आठवड्यात आई स्वप्नात आली. बसली होती आणि डोकं सरळ होत नव्हतं तिचं. तुला जास्त सांगायला नको. घरात कुणाची मान धरली, पाठ धरली, तर आपण आधी कुणाच्या हाडांत मूळ शिरलंय ते बघतो. आईच्या कबरीलगत ते सुरूचं झाड आहेच. केलेपीला सांग, कबर उघड, आईला नीट झोपव. मी सांगितलंय म्हणून सांग.

सोबत त्याच्यासाठी बंद पाकीट आहे. चर्चच्या कामाचा कागद आहे. त्यालाच दे, आणि सही झाली की लगेच परत पाठवायला लाव.

मेलेनाइते

*

फालेलोआ
३ एप्रिल १९९६

प्रिय वन्सं,

तुमचं म्हणणं खरं निघालं.

शुक्रवारी पहाटे प्रार्थना करून केलेपीने आणि त्याच्या दोघा चुलतभावांनी कबर उघडली. मी सून, मी लांबच उभी राहणार होते, पण तांबडं फुटायला लागलं तरी उजेड इतका कमी होता की कंदील धरायला कुणीतरी हवंच होतं. वरची पांढरी वाळू आणि काळे खडे बाजूला पाटीत काढून ठेवले. सासूबाई अगदी शांत होत्या. आणि वन्सं, मूळ होतं! करंगळीएवढं, सुरूचंच. डोक्याची कवटी आणि मानेचा पहिला मणका यांच्या मधून गेलं होतं. ते पहिल्यांदा मला दिसलं. मी ओरडलेच. केलेपी तिथेच गुडघ्यांवर बसून रडायला लागला, ‘आई, तीन वर्षं सांगायचं नाही होय.’

त्याने मूळ कापलं, हाडं खोबरेल तेलाने पुसली, मणके एकापुढे एक नीट लावले, नव्या ताप्याच्या सालकापडात गुंडाळून पुन्हा ठेवलं. झाडही तोडलं. हाडांना लागलेल्या हातांनी त्याला दिवसभर अन्नाला शिवायचं नव्हतं, म्हणून मी त्याला घास भरवले. लग्नातसुद्धा भरवला नव्हता! भाऊ हसून लोळत होते.

मी तुमच्यावर मनातल्या मनात रागावले होते, ते सांगून टाकते. वाटलं होतं, दुखतंय पोरीला आणि या स्वप्नं काय सांगतात. पण मूळ मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. आता लुपेला आराम पडायलाच हवा. पडला की लगेच लिहा.

पाकीट त्याला दिलं होतं. त्याने सही करून तुमच्याकडे येणाऱ्या पाद्रीबुवांच्या मुलीबरोबर पाठवलंय. मी विचारलं, कसला कागद? म्हणाला, चर्चचा.

तुमची,
लेसिएली

*

मांगेरे
२८ एप्रिल १९९६

लेसिएली,

आराम पडला. त्याच आठवड्यात पडला. शनिवारी सकाळी उठली आणि म्हणाली, आत्या, आज दुखत नाही. मी तारीख मोजली तर तुम्ही शुक्रवारी आईला सोडवलं होतंत.

तू कंदील धरलास, ते आईला आवडलं असेल. जिवंतपणी तुमचं फारसं जमलं नाही, पण शेवटी तुझ्याच डोळ्याला मूळ दिसलं.

आता तालमी जोरात सुरू आहेत. लुपेला तेल लावून आरशासमोर उभी केली की मला आमच्या आईच्या तरुणपणाचा फोटो आठवतो. तिची चिठ्ठी सोबत जोडते.

मेलेनाइते

*

प्रिय आई,

मी बरी आहे. मान दुखत नाही. मला पिसांचा मुकुट मिळणार आहे. आत्याने मला गुलाबी बूट घेतले. मी बरी आहे. बाबांना सांग.

लुपे

*

फालेलोआ
२२ जुलै १९९६

वन्सं,

आज हे पत्र वर्गात बसून लिहितेय. पोरांना गणितं घातलीत. घरी लिहिलं तर केलेपी समोर दिसतो आणि हात थांबतो.

गेल्या मंगळवारी पांगाईच्या पोस्टमास्तरांनी मला एक लिफाफा दिला. ऑकलंडच्या दवाखान्याचा, आई आणि वडील दोघांच्या नावे. केलेपी समुद्रावर होता. मी तो पोस्टाच्या पायरीवरच फोडला. मला इंग्रजी येतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. म्हणूनच पहिला कागद तुम्ही त्याच्या नावाने पाठवलात, ज्याला येत नाही.

लिहिलंय ते असं. मानेच्या दुसऱ्या मणक्यावर बोटासारखा एक खुंट असतो, त्याच्याभोवती माणसाचं डोकं वळतं. लुपेचा तो खुंट बुडाला जोडलेलाच नाही. गोटीएवढं हाड सुटं राहिलंय. पहिला मणका त्या सुट्या हाडासकट पुढेमागे सरकतो आणि आतली मज्जारज्जू दाबली जाते. असं क्वचितच एखाद्या मुलाचं असतं. पुष्कळदा वर्षानुवर्षं कुणाला कळतही नाही, मग एखाद्या पडण्यात, एखाद्या झटक्यात हातपाय जातात. किंवा श्वासच जातो. खेळ बंद, पळणं बंद, डोक्याला झटका देणारं सगळं बंद. दोन्ही मणके तारेने बांधून, कमरेचं हाड लावून जोडायचं ऑपरेशन लवकर करायला हवं.

आणि खाली लिहिलंय, वडिलांनी पंचवीस मार्चला सही करून ऑपरेशनला नकार दिला आहे. दोन तपासण्या चुकल्या आहेत. कृपया पुन्हा विचार करावा.

ते पाकीट मी माझ्या हाताने त्याला दिलं, वन्सं. मासे साफ करत होता, तर मी त्याचे हात पुसून दिले, कागद खराब होऊ नये म्हणून.

तो परत आल्यावर मी विचारलं, ‘तू कशावर सही केलीस?’

म्हणाला, ‘ताईने जिथे फुली मारली होती तिथे.’

‘दवाखान्याचा कागद होता हे माहीत होतं तुला?’

‘होतं.’

‘मग मला चर्चचा का सांगितलास?’

‘ताईने लिहिलं होतं, लेसिएली उगाच घाबरेल, तिला नको सांगू.’

‘आणि त्यात काय आहे, हे तरी विचारलंस का ताईला?’

तर मला म्हणतो, ‘थोरल्या बहिणीला विचारायचं असतं का, वेडे?’

चार महिने. चार महिने तो माझ्याशेजारी जेवला, झोपला, माझ्या हातून घास खाल्ले त्याने. मी घागर उचलून पाण्याला गेले. बोलायला लागले असते तर थांबता आलं नसतं.

आणि तुम्ही! तुम्हाला नोव्हेंबरपासून माहीत होतं. लचक म्हणालात. मला भल्या पहाटे कंदील देऊन तुमच्या आईच्या कबरीपाशी उभं केलंत. मूळ होतं, मी नाही म्हणत नाही. ते काढलं ते बरंच झालं, त्यांचा जीव मोकळा झाला असेल. पण लुपेच्या मानेत मूळ नव्हतं, आणि हे तुम्हाला पक्कं माहीत होतं. मी आनंदाने ओरडले ते तुम्हाला लिहून कळवलं. वाचताना तुम्हाला काय वाटलं, वन्सं? खरंच जाणून घ्यायचंय मला.

मी पांगाईहून दवाखान्यात फोन केला. आईची सही चालते म्हणाले. मी सही पाठवली आहे. एकोणीस ऑगस्ट, सोमवार, ही तारीख मिळाली आहे. तोवर लुपे नाचणार नाही, पळणार नाही, गळ्याला पट्टा लावून बसेल. मी पासपोर्टाच्या मागे आहे, मिळाला की येते. तुम्हालाही तीनदा फोन लावला. तिन्ही वेळा लुपे शाळेत होती, एकदा तर रविवारी.

लेसिएली

*

मांगेरे
४ ऑगस्ट १९९६

लेसिएली,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. माझ्याशी आजवर या सुरात कुणी बोललं नाही, माझा नवरासुद्धा नाही. भावाची बायको बोलेल असं वाटलं नव्हतं.

मला काय वाटलं, विचारतेस. ऐक तर. माझा नवरा पोटाच्या साध्या दुखण्याने याच शहरात दवाखान्यात गेला. चालत गेला, जाताना मला म्हणाला, रात्रीला तारोच्या पानातलं मटण कर. ऑपरेशनच्या टेबलावरून परत आला नाही. मी पानं धुऊन ठेवली होती. आता तेच लोक म्हणतात, या पोरीची मानेमागची कातडी उघडून तारा घालू. मी विचारलं, धोका आहे का? म्हणाले, थोडा आहे. त्यालाही थोडाच म्हणाले होते.

मी खोटं बोलले, कबूल. तुला कळलं असतं तर तू तिला परत नेली असतीस, नाही तर कापायला दिली असतीस. दोन्हीत ती माझ्या हातची गेली असती. आणि आईच्या कबरीचं मी खोटं बोलले नाही. स्वप्न खरं होतं, मूळ खरं होतं. आराम पडला असं लुपेच म्हणाली. मी त्यावर विश्वास ठेवला, कारण मला ठेवायचा होता.

तू सही केलीस, तारीख घेतलीस. ठीक. सोमवारी मी स्वतः तिला नेऊन सोडते. पण डॉक्टरने मला काय सांगितलं ते ऐक. ते मणके एकदा जोडले की तिची मान आयुष्यभर निम्मीच वळेल. ते झुकणं, ते वळणं, सगळं संपलं. सतरा तारखेचा शनिवार हा तिचा शेवटचा नाच आहे. लुपेला मी सगळं सांगितलंय, एकही शब्द लपवला नाही. ती म्हणाली, आत्या, मला नाचायचंय, आईला सांगू नकोस.

मी तरी सांगतेय. एवढं तरी माझ्या नावावर लिहून ठेव.

मेलेनाइते

*

मांगेरे
१८ ऑगस्ट १९९६

लेसिएली,

माझं आधीचं पत्र तुला मिळण्याआधी हे मिळावं, म्हणून आज संध्याकाळी विमानाने निघणाऱ्या बाईच्या हातात देते आहे. पांगाईला तारही केली आहे.

ती नाचली. असं कुणी नाचलेलं मी पाहिलं नाही. लोक ‘मालिए, मालिए’ अशी वाहवा करत ओरडत होते. बोलेनाशा झालेल्या बायका उठून तिच्या मागे नाचायला गेल्या. शेवटच्या वळणाला तिने डोकं झुकवलं आणि ती खाली बसली. आम्हाला वाटलं, तिने नवीनच काही बसवलंय. टाळ्या वाजत राहिल्या. मग दिसलं की तिचे हात हलत नाहीयेत. डोळे उघडे होते. माझ्याकडे बघत होती.

श्वास चालू आहे. पाय आज सकाळी थोडे हलले. डोक्याला वजन बांधून निजवलंय. सूज उतरली की ऑपरेशन करणार आहेत.

ये. मी तिला हात लावू नये असं तुला वाटत असेल तर नाही लावणार. पण ये.

मेलेनाइते

*

ऑकलंड
२० ऑक्टोबर १९९६

लेसिएली,

तू याच शहरात आहेस, बसने वीस मिनिटांवर, आणि मी तुला पत्र लिहितेय. नर्सने सांगितलं, आईने नाव दिलंय, आत्याला आत सोडायचं नाही. तिला बिचारीला माझ्याकडे बघवत नव्हतं.

ऑपरेशन नीट झालं, हे मला चर्चमध्ये कळलं. पोर चालायला लागली, हेही तिथेच. लोक मला सांगतात आणि मी माहीत असल्यासारखी मान डोलावते.

काल मी माफी मागताना बांधतात तशी जुनी फाटकी चटई कमरेला गुंडाळून तुमच्या वॉर्डाबाहेर जमिनीवर बसले होते, सकाळी आठपासून. तू तीनदा शेजारून गेलीस. तिसऱ्यांदा तुझ्या हातात लुपेचं दूध होतं. आपल्या घराण्यात थोरल्या बहिणीने अशी चटई भावाच्या बायकोसमोर बांधल्याचं कुणी ऐकलेलं नाही. केलेपीला कळलं तर तो शरमेने मरेल. मी आज पुन्हा बसणार आहे. उद्याही. तू हात धरून उठवीपर्यंत मी येऊन बसणं सोडणार नाही, मग गुडघे राहोत की जावोत.

मी चुकले. भीतीने चुकले, आणि त्याहून जास्त हौसेने चुकले. ती आरशासमोर उभी राहिली की मला वाटायचं, ही माझी आहे. एवढंच होतं त्यात, दुसरं काही नव्हतं.

लुपेला विचार, आत्या आलेली चालेल का. निदान ती हो म्हणाली तर मला आत घे.

मेलेनाइते

*

ऑकलंड
२१ ऑक्टोबर १९९६

मेलेनाइते,

वन्सं लिहायला गेले, जमलं नाही.

चटई मी पाहिली. तिसऱ्यांदा जाताना माझा पाय अडखळला, तेही तुम्ही पाहिलं असेल. तुमचे गुडघे मला ठाऊक आहेत. सासूबाईंच्या वेळी उशाशी चार दिवस बसून तुम्हाला उठवत नव्हतं, तेव्हा मीच तेल चोळलं होतं. म्हणून लिहितेय, दगडाच्या काळजाने लिहीत नाही.

केलेपीचं पत्र आलं. पाद्रीबुवांकडून लिहून घेतलंय. लिहितो, मला माफ कर, ताईलाही कर, ती थोरली आहे. एकाच वाक्यात दोघांचं उरकून टाकलंय. मी उत्तर दिलेलं नाही. घरी गेल्यावर त्याच्या पुढ्यात जेवण ठेवीन. पण तो ‘काही नाही’ म्हणाला की यापुढे मी त्याचे खिसे तपासणार आहे. असं घर चालवायचं माझ्या मनात कधी नव्हतं.

लुपेबद्दल सांगते, ते ऐकायचा तुम्हाला हक्क नाही असं मला वाटत नाही. डोक्याभोवती लोखंडी कडं आहे, चार खिळ्यांनी कपाळात आणि मागे बसवलेलं, आणि त्याच्या दांड्या छातीवरच्या कवचाला. अजून महिनाभर राहील. आंघोळ नाही, पुसून घ्यायचं. चालते, पायऱ्या चढते. आतली मुलं तिला अंतराळवीर म्हणतात आणि ती त्यांच्यावर तोऱ्यात हुकूम सोडते. हाडं जुळायला लागलीत. उजवा हात पहिल्यासारखा झालाय.

डाव्या हाताचं मात्र आज सकाळी कळलं.

डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला लावले आणि टाचणी घेतली. म्हणाले, टोचलं की हो म्हणायचं, लुपे, आणि नाही कळलं तर गप्प बसायचं. अंगठ्याला टोचलं, ‘हो.’ तर्जनीला टोचलं, ‘हो.’ मधल्या बोटाला, ‘हो.’ मी खुर्चीत बसून मनातल्या मनात देवाचे आभार मानत होते. मग डॉक्टरांनी टाचणी खिशात ठेवली. हात मागे बांधले आणि नुसते उभे राहिले.

‘आता?’

‘हो,’ लुपे म्हणाली.

‘आणि आता?’

‘हो. कळतंय. सगळं कळतंय.’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं. मग त्यांनी न विचारता, न सांगता टोचून बघितलं. करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट, दोन्हींत काहीच नाही. कदाचित परत येईल, कदाचित नाही. पण कुठे कळतं आणि कुठे नाही, हे पोरीने खरं सांगितल्याशिवाय पुढे काय करायचं ते ठरवता येत नाही, असं ते म्हणाले.

ते गेल्यावर मी विचारलं, ‘असं का केलंस गं?’

ती म्हणाली, ‘तू घाबरशील म्हणून.’

तुमचेच शब्द, मेलेनाइते. केलेपीला लिहिलेत तेच. या वेळी तुम्ही खोलीत नव्हतात, तुम्ही तिला डोळ्यांनीही काही सांगितलं नव्हतं. आता तिचं तिला येतं. एप्रिलमध्ये आराम पडला म्हणाली, ते खरं होतं का, हेही मी आज विचारलं. म्हणाली, आत्याला तसं ऐकायचं होतं. म्हणजे तुम्हालाही फसवलं तिने, आणि तुम्ही कबरीवर हवाला ठेवून बसलात.

तुम्ही म्हणालात म्हणून मी तिला विचारलं, आत्या आलेली चालेल का. ती ‘हो’ म्हणाली. लगेच म्हणाली, हसून म्हणाली. मग मी विचारलं, आणि नाही आलेली? तर तेवढंच गोड हसून म्हणाली, ‘हो, आई, तेही चालेल.’

तिला खरंच काय हवंय, मला कळलं नाही. नऊ वर्षांच्या माझ्या पोरीच्या मनातलं मला कळत नाही. तिची मान डॉक्टरांनी तारेने बांधून दिली, पण हे ते कुठून बांधणार? मी तुमचा हात धरून तुम्हाला उठवलं असतं, देवाशपथ उठवलं असतं, मोडलेल्या मानेसाठी उठवलं असतं. यासाठी माझा हात पुढे येत नाही.

चटई गुंडाळा आणि घरी जा. फरशी गार आहे.

संध्याकाळी मी तिचं अंग पुसताना पाणी जरा जास्तच कढत झालं होतं. माझ्या हाताला चटका बसला तेव्हा कळलं. तोवर मी तिचे पाय पुसले होते, लाल झाले होते. मी म्हटलं, लुपे, भाजलं का गं?

‘नाही, आई,’ ती म्हणाली. ‘छान वाटतंय.’

लेसिएली